सातवा टोला

छावणीच्या मैदानावर गवत दिवाळीपर्यंत टिकतं.
मग उरतात भेगा आणि कुसळं.
मोज्यांतून ती घरी येतात
आणि बायको विचारते,
"खेळायला गेला होतात की गुरं वळायला?"

इथे ग्रीन नाही, ब्राउन आहे.
जळकं ऑइल पाजून दाबलेली वाळू.
ऑइल माझ्याच वाळूजच्या शेडमधून जातं, महिन्याला एक डबा,
त्यामुळे सदस्यत्वाबद्दल कुणी फार विचारत नाही.

पंचवीस वर्षं लेथवर गेली.
केसाच्या दहाव्या भागाची चूक बोटाला कळते.
आणि हा एवढासा चेंडू, निमूट, न हलणारा,
मी मारला की उजवीकडे खाम नदीकडे जातो,
जणू तिकडे त्याचं माहेर आहे.

मुठीचं म्हणाल तर एवढं समजलंय:
मायक्रोमीटरच्या शेपटाला रॅचेट असतो,
दाब पुरे झाला की टिकटिकतो, पुढे आवळत नाही.
माणसाच्या मनगटात तो बसवायचा राहून गेला.

उत्तरेश्वर माझी पिशवी उचलतो. वय एकोणीस, गाव भूमकडे.
तिसऱ्या रविवारी त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं:
"साहेब, गोफण हाणलीय का कधी?
ज्वारी हुरड्यात आली की आमी माळ्यावर उभं राहायचो.
दगड फेकायचा नसतो. तो फिरतच असतो,
आपण फकस्त एक दोरी सोडायची.
तुमी सोडतच नाईत."

गोफण नाही हाणली. माझे वडील एसटीत कंडक्टर होते.
तरी करून पाहिलं:
आधी कंबर, मग खांदे,
हात सगळ्यांत शेवटी, पंगत उठल्यावर जेवणाऱ्या यजमानासारखे.
आणि एकदाच
तो आवाज आला, जो मला ओळखीचा होता:
धार नीट लागली की पोलादाची निळी कातण
अखंड सुटत जाते, तसा.
चेंडू दौलताबादच्या दिशेने सरळ.
उत्तरेश्वर काही बोलला नाही,
पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली फक्त.

पुढच्या टोल्याला मी पुन्हा जोर लावला, अर्थात.

रीतीभाती मात्र लवकर जमल्या.
दुसरा मारत असताना नाणीसुद्धा खिशात गप्प हवीत.
आपली सावली कुणाच्या वाटेवर पडू द्यायची नाही.
सकाळी सातला सावल्या लांब असतात,
मुंदडाशेठ उभे राहिले की तीन माणसं सरकतात.
उखडलेलं ढेकूळ जागच्या जागी, पायाने दाबून.
आणि वाळूतून निघताना फळी मागे ओढत यायचं,
सारवल्यासारखं,
म्हणजे मागून येणाऱ्याला कळत नाही
आपण इथे किती वेळ घाबरून उभे होतो.

त्या दिवशी पाचव्या होलला
चौथ्या टोल्यात मी बाभळीत पोचलो.
काठी एकदा नुसतीच हवेतून गेली, ते सोडा.
मग मारला, तर काट्यांना लागून चेंडू तिथेच.
फांदी हलली. एक होला उडाला.
डॉक्टर सिद्दीकी पाठमोरे थर्मासचं झाकण फिरवत होते.
पुन्हा मारला, निघाला,
आणि ब्राउनवरून कधी नव्हे तो एका फटक्यात आत.

"किती?" मुंदडाशेठनी पेन्सिल ओली केली.
"सहा."
उत्तरेश्वर चेंडू पुसत होता.
तो केव्हाच पुसून झाला होता.

दोन होल तसाच चाललो.
मागच्या महिन्यात वैजिनाथला मी शेडमध्ये सगळ्यांसमोर झापलं होतं,
न मोजता रीडिंग लिहिलं म्हणून.
चारशे पिना परत.
आता टीवर उभा राहिलो तर डोकं खाली राहीना,
डोकं सारखं मागे बाभळीकडे.

"शेठ, पाचव्याला सात लिहा," मी म्हणालो.
"आता काय फरक पडतो, देशमाने?"
फरक एवढाच पडला की पोह्यांचे पैसे माझ्याकडे आले.

गाडीत पिशवी ठेवताना
उत्तरेश्वर डिकीशी रेंगाळला.
मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल.

"साहेब, आठ.
हवेतला बी धरत्यात."