राळ

बसा, कारकून महाशय. स्टूल डुगडुगतं, जपून.
नदीबद्दल विचारायचंय ना तुम्हाला:
किती लांब, किती खोल, कुठे वळते.
ते पुढच्या होडीतल्यांना ठाऊक.
मी मागच्या होडीत होतो.
ल्युबँ तार्दिफ, राळ लावणारा. एवढंच लिहा.

दोन होड्या, सात माणसं.
होड्या भूर्जाच्या सालीच्या,
तुमच्या कागदाहून थोड्या जाड.
बाकीचे नाकासमोर बघायचे,
वळणापलीकडे चीनचा समुद्र चमकेल म्हणून.
मी पायाखाली.
पाणी कुठे मुरतंय ते आधी मला कळायचं.

स्प्रूसची राळ, अस्वलाची चरबी, चिमूटभर कोळसा.
चरबी कमी पडली तर गारठ्यात तडकते,
जास्त झाली तर जुलैच्या उन्हात ओघळते
आणि विजारीला बसते ती कायमची.
हे लिहीत नाही आहात तुम्ही.

एका गावात त्यांनी आम्हाला मक्याची पेज भरवली,
चमच्याने, फुंकर घालून,
आमच्या दाढ्यांकडे बघत हसू दाबत.
मग पिसं बांधलेली चिलीम दिली
आणि चिलमीबरोबर एक मुलगा.
नऊ-दहा वर्षांचा. तोही दुसऱ्याच कुठून तरी
धरून आणलेला, दुभाष्या म्हणाला.
कप्तानाने वहीत चिलमीची नोंद केली.

त्याला माझ्या होडीत बसवलं.
मी शिकवलं: शिवणीला ओठ लावायचे, श्वास ओढायचा,
हवा आली तर तिथे भेग.
त्याने शिकवलं: नितळ पाण्याला एक शब्द.
पश्चिमेकडून ती गढूळ नदी घुसली,
मुळांसकट झाडं ओढत, तिच्या पाण्याला दुसरा.
आणि एका रात्री ओंडक्याएवढा मासा
होडीला खालून धडकला, मी किंचाळलो,
तेव्हा त्याने पोट धरून हसत तिसरा.
तो माशाला होता, अंधाराला,
की मला, कधी कळलं नाही.

पुढे लोकांच्या हातात स्पॅनिश कुऱ्हाडी दिसल्या.
तिथून फिरलो.
नाही, समुद्र नाही पाहिला.

परतताना त्या गढूळ तोंडापाशीच मुक्काम होता.
सकाळी मुलगा नव्हता.
पळाला म्हणा, बुडाला म्हणा,
कप्तान काहीच म्हणाला नाही.
राळेचं मडकं अर्धं रिकामं.
माझ्या होडीच्या एकूण एक शिवणीवर ताजा थर.
चरबी बरोबर.

नकाशावर संतांची नावं घातलीत म्हणता. असू देत.
तो तिसरा शब्द मला बोलता येत नाही आता.
मिटल्या ओठांनी सुरू व्हायचा,
उघड्या तोंडाने संपायचा.
मधलं वाहून गेलं.
शिवणीला ओठ लावले की जिभेवर येतो,
पण तेव्हा तोंड राळेने भरलेलं असतं.

बघू, काय लिहिलंत?
'साक्षीदारास खोलीची माहिती नाही.'
खरं आहे.
तेवढं चरबीचं प्रमाण मात्र घाला कोपऱ्यात.