खोळ

मंगळबाजारातल्या शिंप्यानं विचारलं होतं,
एवढ्या लांब उशा कुणाच्या, काका?
खाकी जीनच्या बारा खोळी, तळाशी नाडी.
सिलिंडरच्या, म्हटलं.
तो हसला, आणि शिलाई जास्त लावली.

काळं अंग, पांढरा खांदा म्हणजे ऑक्सिजन.
करडं अंग म्हणजे नुसती हवा.
आणि हे कुणालाच दिसता कामा नये,
सिस्टरना नाही, स्वतः मॅडमना नाही,
पेशंटला तर नाहीच.
अभ्यास दोन्ही बाजूंनी आंधळा हवा,
झवेरी मॅडम म्हणाल्या,
डोळस फक्त तुम्ही,
कारण नळी कुणीतरी जोडायला हवी.
बावीस वर्षं मकरपुऱ्यात गॅस भरला मी.
बघण्याचा पगार पहिल्यांदाच मिळत होता.

मैथिली टिपणीस, वय नऊ.
फ्रॉक उलटा घालून येते, शिवणी बाहेर,
गळ्यामागची कंपनीची पट्टी कापलेली.
टाळी दिली की तळव्याला फोड.
पापड तिनं कधी खाल्लेला नाही.
आईकडून एक चूक, वडिलांकडून एक,
दोघांतही निजलेल्या,
हिच्यात भेटल्या आणि जाग्या झाल्या.
कातडीचे दोन पदर
एकमेकांना धरून ठेवणारा दोराच नाही,
मॅडमनी पेन्सिलीनं काढून दाखवलं.
मी मान हलवली. मला शिंपी आठवत होता.

सकाळी अकराला,
मिठाच्या पाण्यात पट्ट्या भिजून सुटेपर्यंत,
ती मगरींचं सांगते.
रिक्षा विश्वामित्रीच्या पुलावरून येते ना.
"आज तीन होत्या, गॅसकाका,
एक तर दगडच वाटली.
केवढी जाड असेल हो त्यांची कातडी?"
ट्रकच्या टायरएवढी, मी म्हणतो.
"मग गुदगुल्या कळत नसतील,
बिचाऱ्या."
आणि गप्प होते. पट्टी सुटायची वेळ.

मग दोन पायांना प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या,
डावा क, उजवा ख,
दोन बाटल्यांत सारखेच बुडबुडे,
दीड तास.

तिच्या आईनं एकदा मला जिन्यात गाठलं.
सांगू नका काही, म्हणाली,
नोकरीचा प्रश्न आहे, समजतं मला.
नुसतं बघा.
खरा ज्या पायाला जातोय
त्याच्याकडे एकदा बघा, बस.
मी पंख्याकडे बघितलं.
पंखा बंद होता.

रात्री झोप येत नाही तेव्हा हिशेब करतो:
साध्या हवेतही शंभरात एकवीस भाग तोच असतो.
म्हणजे त्या दुसऱ्या पायाला
अगदीच काही नाही असं नाही.
दुसरा म्हणजे कोणता,
ते मी इथंही लिहिणार नाही.
बायको विचारते, कुशी का बदलताय सारख्या?
प्रेशर ठीक आहे, असं काहीतरी मी पुटपुटतो.

सहाव्या आठवड्यात एका पायाची जखम
काठानं आत सरकली.
नखाएवढं गुलाबी,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं.
आईनं त्या पायाला हात न लावता नमस्कार केला,
वरच्या वर, हवेतच.
हाच तो, म्हणाली. मला वाटलंच होतं.
मॅडमनी फूटपट्टी धरली, फोटो काढला, आकडा लिहिला,
चेहरा कोरा ठेवला.
मी खोळीची नाडी आवळत होतो, आधीच आवळलेली.

निघताना मैथिलीनं सिलिंडरकडे बोट केलं,
बोट म्हणजे पट्टीत गुंडाळलेली मूठ.
"काका, यांचे फ्रॉक सुलटे का घातलेत?
शिवणी आत टोचतील ना."

लोखंडाला काय टोचणार, मी म्हणणार होतो.

सगळे गेल्यावर दार लावून घेतलं,
आणि एकेक खोळ उतरवून उलटी केली,
एकेक पुन्हा चढवली.
काळ्याला. करड्याला.
बाराव्यापर्यंत खांदे भरून आले.
शिंप्याची टीप जागोजाग वाकडी आहे.
आता ती दिसते.