पाचांत दोन

रविवारची रात्र, एकतीस पेपर.
गॅसच्या शेगडीशी पाय घेऊन बसले आहे.
ऑगस्टचं धुकं उरुग्वे नदीवरून उठून
फ्राय बेंतोसच्या गल्ल्यांत शिरलंय,
जुन्या मांस-कारखान्याची चिमणी
खालून अर्धीच दिसते.

मोंतेविदेओहून तक्ता आलाय.
प्रत्येक मुलासमोर चोवीस चौकोन,
चौकोनात एक किंवा शून्य.
शेवटी 'शेरा', माझ्या नखाएवढा.

यामांदूने ऋण चिन्हं गाळलीत, झाडून सगळी.
उणे चार अंशांची पहाट
त्याने बिनदिक्कत उन्हाळ्यात नेऊन ठेवली.
आयेलेनचं उत्तर बरोबर, पायरी एकही नाही.
शेजारच्या बाकावरून आलं असेल,
किंवा ती सगळं मनातच करते
आणि मार्चपासून मला पत्ता नाही.
तक्त्यात दोन्हीचा एकच आकडा.

एकविसावा पेपर. माइते एचेवेरी.
एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश
बरोबर दोन पंचमांश.

एकोणीस वर्षं बघतेय हे उत्तर.
अंशात अंश, छेदात छेद,
दोन घरांचा रस्सा एका पातेल्यात.
हात आपोआप फुली मारतो. मारली.
मग दिसलं, कुठे खाडाखोड नाही.
अंदाजाने लिहिणारी पोरं रबर झिजवतात,
कागदाला भोक पाडतात.
हिने तर खाली दोनदा रेघ ओढलीय,
माहीत असल्यासारखी.

सोमवारी मधल्या सुट्टीत बोलावलं.
आली. गुडघ्यावर चिखल, एका हातात हातमोजा,
दुसरा बहुधा मैदानातच.
'हे कसं केलंस?'
(हा प्रश्न सपाट आवाजात विचारायला
मला बरीच वर्षं लागली.
जरा चढला की मुलं उत्तर खोडतात,
जरा गोड झाला तरी खोडतात.)

'बाई, शनिवारी पाइसांदूशी सामना होता.
पहिल्या अर्ध्यात दोन फटके आले, एक अडवला.
दुसऱ्यात तीन आले, एक अडवला.
म्हणजे पाचांत दोन.
हरलो आम्ही.'

मी खिडकीबाहेर बघत राहिले.
पाचांत दोन. खरंच की.
गोलरक्षकाचा हिशेब चोख आहे,
त्यात लसावि काढायला गेलं
तर उगाच एक गोल जास्त अडवल्याचं पाप लागेल.

मग मी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या.
एकीची अर्धी रंगवली, दुसरीची तिसरी.
रंगवलेले तुकडे टोकाला टोक लावून ठेवले.
'आता बघ. तुझे दोन पंचमांश केवढे?'
तिने हातमोजा काखेत धरला, बोटांनी मोजलं,
अर्ध्याच्या अलीकडेच बोट थांबलं.
'अर्ध्यात भर घातली,' ती हळूच म्हणाली,
'आणि अर्ध्याहून कमी झालं?'

त्यानंतर ती काही बोलली नाही.
मीही बोलले नाही,
जीभ दाताखाली धरून बसले.
घंटा झाली. ती जागची हलली नाही.
मग पट्ट्या उचलून म्हणाली, 'या नेऊ?'
आणि गेली. कळलं का, कुणास ठाऊक.
तेराव्या वर्षी कळणं
कधी वर्गात होतं, कधी गुरुवारी आंघोळ करताना.

रात्री तक्ता भरला.
तिच्या अकराव्या चौकोनात शून्य.
शून्यच. अर्धा नि तिसरा भाग मिळून
पाच षष्ठांश होतात,
मला माया आली म्हणून त्यात फरक पडत नाही.
पण त्या शून्याची रेघ बंद करताना
पेन थोडं घुटमळलं खरं.
नखाएवढ्या जागेत मावेल तेवढं लिहिलं:
'फटके मोजते. तुकडे अजून नाही.'

राजधानीत कुणीतरी हे वाचेल
आणि बाईंचं डोकं फिरलं म्हणेल.
म्हणू दे. अजून दहा पेपर आहेत,
बाविसाव्यात रामिरोने
एका त्रिकोणाला चार कोन दिलेत,
चारही नीट मोजून.
उद्या त्याला विचारते.