शेरा

चौतीस वर्षं बाबांनी गोदीत पोती मोजली.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
मोम्बासा, ओदेसा, पुसान, अँटवर्प:
खोक्यांवरची नावं, काळ्या रंगात,
अर्धी पुसलेली, एखादं उलटं.
स्वतः ते समुद्रात गेले फक्त रेवसपर्यंत,
भाऊच्या धक्क्यावरून, आत्याच्या लग्नाला,
आणि तेव्हाही त्यांना लाँच लागली.

निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात
शिवडीच्या आमच्या दीड खोलीत
ते ओट्यापाशी उभे राहिले, चष्मा कपाळावर,
आणि आईला म्हणाले, सरक. आज मोम्बासा.

मोम्बासा म्हणजे मक्याचं पीठ
उकळत्या पाण्यात घोटायचं, मनगट भरून येईपर्यंत.
आई म्हणाली, उकडच की ही, ताक विसरलेली.
बाबांनी गोदीतली जुनी वही काढली,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
गुठळ्या सात. माल स्वीकारला.

आई स्टुलावर बसायची, भिंतीला टेकून.
तिला हातांचं काय करावं ते कळेना.
थोडा वेळ लसूण सोलायची, न सांगता,
कुठल्याच देशाला नको असलेला.

ओदेसाला किलोभर बीट लागलं,
आंबट साय मिळेना म्हणून वर चक्का.
तिच्या पांढऱ्या पातळावर डाग पडला तो गेलाच नाही.
अजून म्हणते, ते ओदेसाचं घे गं आत, वाळलं असेल.

पुसानला कोबी, मिरची, सुकट,
सगळं लोणच्याच्या बरणीत दाबून खिडकीत.
तिसऱ्या दिवशी खालच्या सामंतांनी
गॅसवाल्यांना फोन केला.
माणूस आला, नळी तपासली, साबणाचा फेस लावून पाहिला,
मग बरणीचं झाकण उघडलं,
जरा गप्प उभा राहिला
आणि म्हणाला, काका, डब्यात थोडं द्याल?

अँटवर्पला शिणाणे खातात हे कळल्यावर
आई खो खो हसली.
आमच्या माहेरी खडकावर बसून खायचो,
त्यात परदेश कुठून आला?
शेरा: ग्राहकाची तक्रार. दखल घेतली.

वहीत शेवटी एक नाव उरलं, वालपराइसो.
सत्त्याऐंशी साली, एकच खेप, तांब्याच्या लाद्या,
रात्रपाळी.
तिथं काय खातात, बाबांना माहीत नव्हतं.
मी मोबाइल काढला, तर म्हणाले, ठेव तो.
दोन दिवस ओटा कोरडा राहिला.
चहा तेवढा झाला, तोही कडू.

तिसऱ्या रात्री आई स्टुलावरून म्हणाली,
तिथंही गोदी असेल ना?
असेल.
मग टॅली क्लार्कही असेल.
असेलच.
पहाटे घरी येत असेल, कपड्यांना गंजाचा वास,
दाराशी चपला काढताना बोलत नसेल काही,
बायकोनं विचारलं तर म्हणत असेल, पोती, दुसरं काय.
त्याला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

उठली. पदर खोचला.
मऊ भात लावला, पाणी जास्त.
सोललेला सगळा लसूण तुपात घातला,
आचेवर दोन बोंबील भाजले,
कांदा हातानंच फोडला.

बाबा जेवले, मान खाली घालून.
ताट पुसून घेतलं बोटानं.
मग वही उघडली, तारीख घातली,
आणि रकान्यावर पेन टेकवून नुसते बसले.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

आई नळाखाली पातेलं घासत होती. म्हणाली,
लिहा, मीठ कमी.

मीठ बरोबर होतं.
तरी त्यांनी तेच लिहिलं, खाली सही केली.

आणि उद्या बसरा, ती म्हणाली, पाणी बंद करत.
वहीत नसलं तर नसलं.
रावस मी आणते, तुम्हाला कोळणी फसवतात.