पाठीमागून

सिव्हिल हॉस्पिटलात, सहा नंबरच्या खोलीत
बाबांना पाठ करून बसवलंय.
पोरगेलासा डॉक्टर मागून टाळी वाजवतो,
हाक मारतो,
मग स्टीलचा ट्रे फरशीवर टाकतो.
बाबा कॅलेंडर बघतायत.
दचकते मी.

किती टक्के येतील?
कमी आले तर पैसे कमी,
फारच कमी आले तर काहीच नाही.
दहावीला बाबांनी मला टक्के विचारले नव्हते.

तीस वर्षं वडगावात, पत्र्याच्या शेडमध्ये
बारा माग, दोन पाळ्या.
तिथं कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं;
बोलत मात्र सगळे होते.
धोटा अडकला, सूत संपलं,
मल्लव्वाच्या लेकीचं जमलं म्हणे—
सगळं ओठांवरनं.
मराठी ओठ, कन्नड ओठ,
आवाज दोन्हींचा एकच: खटखट.
ते माग गेले भंगारात, किलोच्या भावानं.
कानांचा भाव अजून ठरायचाय.

नाडकचेरीतला फॉर्म मी भरते,
शाळेतल्या गोल गोल कन्नड अक्षरात.
वैजनाथ हुंदरे, रेशनकार्डावर हुंद्री.
जन्म एक जानेवारी,
गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखा.
उत्पन्न?
आईच्या शेवया धरायच्या का?

तलाठी घर बघायला आले
तेव्हा शेजारच्या सुदेशची बुलेट नेमकी आमच्या दारात.
"आमची न्हवं ओ ती," आई म्हणाली, तीनदा.
तिसऱ्यांदा तिचं तिलाच खरं वाटेना.
आदल्या रात्री मी फ्रीजवर चादर टाकलेली.
दिवाळीपासून बंद आहे तो,
आत जोंधळे ठेवतो.
तरी टाकली.

खिडकीतल्या क्लार्कनं मान वर केली:
"एष्ट वर्ष आतु, किवी केळ्सल्ल?"
बाबा झटक्यात म्हणाले, "हन्नेरड, सर."
बारा. अगदी खरं.
क्लार्कनं पेन खाली ठेवलं.
ऐकू येतंय की ह्यांना.

मी सांगत राहिले, शेड, माग, ओठ,
मागून रांग खोकत होती.
त्यानं फाइल उचलून तोंडापुढं धरली
आणि पुठ्ठ्याआडून काहीतरी विचारलं.
बाबा पुठ्ठ्याकडं बघत राहिले,
अगदी लक्ष देऊन,
शाळेत नाव घ्यायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.
नापास व्हायला हवं होतं. झाले.
मी गप्प.
"नाळे बर्री," तो म्हणाला. उद्या या.
आवाज जरा मऊ आला होता, ते बाबांना कळलं नसणार.

स्टॉपवर बाबांनी विचारलं,
शेवटी काय म्हणाला गं तो, फायलीमागनं?

मी आवाज न काढता सांगितलं, नुसत्या ओठांनी:
"ऊट आतेन्री?"
जेवलात का, म्हणून.

"मग," बाबा जरा रागावलेच,
"न्हाई म्हणून सांगायचं न्हाईस व्हय?"