तोंडचं पाणी

पाण्याची बाटली
तुझ्या कोटाच्या डाव्या खिशात येऊन सहा वर्षं झाली, एस्किल.
गाठ गेली. मान वाचली.
आवाजही परत आला, थोडा खरवडलेला.
फक्त जिभेखालचा झरा
किरणांनी जाता जाता आटवला.

राईचा काळा पाव तू चावतोस आणि मध्येच थांबतोस,
तोंडात भुसा भरल्यासारखा.
मी पेला सरकवते. बोलत नाही.
तीस वर्षं ज्या ओठांत क्लॅरिनेटच्या पात्या भिजल्या,
गावातल्या प्रत्येक पोराचं वाद्य
ज्यांनी आधी वाजवून पाहिलं,
त्यांना आता पाती भिजवायला कप लागतो.
गिऱ्हाईक आलं की तू पाठ फिरवून भिजवतोस.

मार्चमध्ये पुलावरून गाडीनं कोपनहेगनला गेलो.
डॉक्टर रिग्मोरच्या नखांत हिरवा रंग होता.
कुंपण रंगवत होते, म्हणाली.
मला ती तेव्हाच आवडली.
पोटाची चरबी घेऊ, तिच्यातल्या मूळपेशी निवडू, वाढवू,
मग सुईनं सोडू,
इथं कानापुढे, इथं जबड्याखाली.
त्या स्वतः ग्रंथी होत नाहीत, कदाचित.
दमलेल्यांना उठवतात, कदाचित.
तीन वेळा म्हणाली कदाचित. मी मोजलं.
तू मात्र हसलास :
चला, ढेरी एकदाची कामी आली.

मग म्हणाली,
निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते मलाही कळणार नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.
आणि लगेच शरम वाटली,
सुचावं तरी हे, तुझ्याशेजारी बसून!

पाच मिनिटं मान खाली, ओठ उघडे,
गिळायचं नाही, जे येईल ते पेल्यात.
नर्स तो पेला काट्यावर ठेवते
सोनारासारखी, श्वास रोखून.
आपल्या लेकीची लाळेरी मी दिवसाला सात धुतली,
वैतागत, नाक मुरडत.
आता एका थेंबासाठी
काचेवरचे आकडे वाचत उभी आहे.

जूनमध्ये काही नाही.
जुलैमध्येही नाही.
रात्री बाटलीचं झाकण फिरतं, तो आवाज मी
झोपेतही ओळखते.
चार वेळा फिरायचं.
ऑगस्टमध्ये एका रात्री तीनदा.
मग पुन्हा चार.
मग दोनदा.
तुला सांगितलं नाही.
मोजते आहे हे कळलं असतं
तर तू जागा राहून तहान लपवली असतीस.

परवा मी गूसबेरी निवडत होते,
आंबट, कच्च्या, देठासकट.
तू दारात उभा.
जबडा हलला, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.
नुसता एक आवंढा.
पण ऐकू आला मला, ओला.

काय रे?
काही नाही, म्हणालास.

पेशी की मीठ, ते कोपनहेगनच्या कुठल्याशा कपाटात
कुलपात आहे, वसंतापर्यंत.
मिठाचंच असेल. असू दे.
मीठही पाणी ओढतं,
असं मी उगाच म्हणाले, आणि तू मान डोलावलीस,
मी काही शहाणपणाचं बोलल्यासारखी.

संध्याकाळी दुकान मिटल्यावर
तू एक नवी पाती ओठांत धरलीस.
कप शेजारीच होता.
सूर धड लागला नाही, वाफेच्या किटलीसारखा
फुसफुसला, तुटला.
मग तू कप घेतलास.
पण आधी नाही.