प्रश्न क्रमांक चौदा

वाळूजला, गेटाशेजारच्या पत्र्याच्या हॉलात
आम्ही बावीस जण. पंखा एक.
कंपनीचा निळा पेन, दीडशे प्रश्न, चाळीस मिनिटं.

दैवशालानं काल फोनवर बजावलंय:
"सगळीकडं 'कधीच नाही' नको मारूस,
मशीनला वास येतोय.
दोन-तीन जागी 'क्वचित' टाक, माणूस वाटशील."

प्रश्न चौदा: आधीच्या मालकाची एखादी वस्तू
तुम्ही न विचारता घरी नेली आहे का?

नेलीय. परभणीच्या मोंढ्यात चार वर्षं
आडतीवर काटा धरला.
सुतळीचा एक गुंडा नेला, दारची वेल बांधायला.
एकदा कॅलेंडर. ती तर फुकटच वाटायची असतात.
गोल काळा केला: क्वचित.

ओलावा बघायच्या यंत्रावर अकरा दिसायचं,
शेठ खाकरायचे,
मी चौदा म्हणायचो. मोठ्यानं.
पेडगावची एक म्हातारी तुरीचं पोतं घेऊन यायची,
म्हणायची, तू म्हंतूस तर असंल बाबा.

एकोणीस, सत्तावन्न, एकशे तीन,
शोधत गेलो पार शेवटच्या पानापर्यंत.
मालकाकडून काय नेलं, हे सहा वेळा विचारलंय
शब्द फिरवून फिरवून.
मालकासाठी काय नेलं
त्याला गोल नाही.

वेळ संपली. पर्यवेक्षकानं पेन मोजले.
एकवीस.
"कुणाकडं राहिला?" पुन्हा मोजले.
त्याच्याच खिशाला लावलेला होता, निळा.
पहिल्या बाकावरून मला नीट दिसत होता.
मी पंख्याकडं बघत राहिलो.